रत्नाकर मतकरी गेले. तुमची पहिली चेटकीण कुठली?

गोदाकाठ
१८ मे २०२०, सकाळी १०:१२

सकाळी दादाचा फोन आला. एरवी तो मेसेज टाकतो. सध्या दिवस असे चाललेत की कुणाचा अवेळी फोन वाजला तरी पोटात गोळा येतो. "मतकरी गेले," एवढंच म्हणाला. मग आम्ही दोघंही थोडा वेळ फोन धरून नुसतेच बसलो.

काल, रविवारी रात्री, मुंबईत. करोनाने. ८१ वर्षांचे होते.

बातम्यांमध्ये 'ज्येष्ठ नाटककार, कथाकार, दिग्दर्शक' असं सगळं येतंय आणि ते बरोबरच आहे. 'आरण्यक', 'लोककथा ७८', 'दुभंग', 'गहिरे पाणी', गूढकथांची रांगच्या रांग. पण आमच्या घरात मतकरी म्हणजे चेटकीणवाले मतकरी. बाकीचं सगळं नंतर कळलं.

१९८४ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा चिपळूणला होतो. शाळेच्या गॅदरिंगला मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' बसवायचं ठरलं आणि आठवीतल्या माझ्या दादाला चेटकिणीचं काम मिळालं. मी तिसरीत. चित्रकलेच्या सरांनी त्याला नाक करायला लावलं. जुनी वर्तमानपत्रं दोन दिवस बादलीत भिजत घातली, आईने मेथ्या वाटून दिल्या, आणि तो लगदा दादा पाट्यावर बसून मळत होता. नाक तीनदा तडकलं. चौथं टिकलं. त्यावर चामखीळ म्हणून हरभऱ्याचा दाणा चिकटवला, वर पोस्टर कलरचा हिरवा हात दिला आणि दोन्ही बाजूंनी भोकं पाडून परकराचं इलॅस्टिक ओवलं. आजीचं जुनं काळं लुगडं होतंच. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. तो हरभऱ्याचा दाणा तर मीच डब्यातून निवडून दिला होता.

आणि तरीही, गॅदरिंगच्या दिवशी पडदा उघडून ती चेटकीण वाकत वाकत पुढे आली, तेव्हा मी अशी किंचाळले की आईला मला उचलून बाहेर न्यावं लागलं. बाहेर व्हरांड्यात आई समजावत होती, "अगं, दादा आहे तो." मला माहीत होतं दादा आहे ते. नाकावरचा दाणासुद्धा माझाच होता. पण स्टेजवर जी होती ती चेटकीणच होती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. पाचेक मिनिटांनी मीच आईचा हात ओढला, परत आत चल म्हणून. उरलेलं नाटक मी दाराच्या चौकटीला धरून उभ्याने पाहिलं. पळून जायची सोय ठेवून.

आज माझं वय ४५. त्यानंतर शेकड्याने नाटकं पाहिली. तसं दुसऱ्या कुठल्याच नाटकाने मला धरलं नाही.

नाट्यगृहं दोन महिने बंद आहेत. एरवी असा माणूस गेला असता तर आज दादरला किती गर्दी झाली असती. हातात फुलं घेऊन म्हातारी माणसं आली असती, जी साठ वर्षांपूर्वी हाफ पँटमध्ये त्यांची नाटकं बघायला आली होती. काहीच होणार नाही. म्हणून इथे जमू या असं वाटलं. नुसतं 'श्रद्धांजली' लिहून जाऊ नका. आठवण लिहा. लहानपणाची असेल तर फारच बरं.

---

केतकी_वाई
१८ मे २०२०, सकाळी १०:३१

बातमी वाचून सुन्न झाले होते. तुझं नाकाचं वाचून रडू आलं. आमच्या शाळेत 'निम्मा शिम्मा राक्षस' झालं होतं. मी सूत्रधाराच्या मागे झाड होते. सगळ्या नाटकात एकच काम, हलायचं नाही. मी हलले नाही.

---

गिरगावकर_बापू
१८ मे २०२०, सकाळी ११:०५

गोदाकाठताई, धागा काढलात फार चांगलं केलंत. तुमच्या त्या हाफ पँटवाल्यांतला मी एक. वय आज सत्तर.

नव्या मंडळींना माहीत नसेल म्हणून थोडं मागचं सांगतो. आमच्या लहानपणी मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या संमेलनात मुलांनीच करायचं, गुरुजींनी लिहिलेलं, शेवटी 'खरे बोलावे, चोरी करू नये' असं सांगून संपणारं. मुलांनी तिकीट काढून बघायचं, मोठ्या नटांनी मोठ्या नाटकाइतक्या तयारीने करायचं, खरं नेपथ्य, खरी प्रकाशयोजना, ही कल्पनाच नव्हती. ती १९५९ साली सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर'मधून आणली आणि त्यांचं पहिलं नाटक 'मधुमंजिरी' लिहिलं रत्नाकर मतकरींनी. तेव्हा त्यांना एकविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं! त्याच्याही आधी, सोळा-सतरा वर्षांचे असताना, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका मुंबई आकाशवाणीवर झाली होती.

'मधुमंजिरी' मी वडिलांच्या मांडीवर बसून पाहिलं, कारण पुढच्या खुर्चीवरच्या बाईंचा अंबाडा आड येत होता. गोष्ट आता नीट आठवत नाही. आठवतो तो अंधार. दिवे गेले आणि सगळं थिएटर एकदम गप्प झालं. एवढी मुलं एकाच वेळी गप्प झालेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, आमच्या वर्गात मास्तर छडी घेऊन आले तरी नाही.

पुढे १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' संस्था काढली, पत्नी प्रतिभाताईंच्या बरोबरीने. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या', 'अचाट गावची अफाट मावशी', 'राक्षसराज झिंदाबाद' ही सगळी तिथली. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, नेपथ्यही बरेचदा त्यांचंच. चित्रकार होते ना ते. मुलांच्या नाटकात पैसा नाही, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. तरी वर्षानुवर्षं चालवलं.

अलबत्यामधली चेटकीण दिलीप प्रभावळकर करायचे, ती ज्यांनी पाहिली त्यांनी इथे जरूर लिहावं. माझी हुकली. तेव्हा मी नोकरीनिमित्त नागपूरला होतो. आजही रुखरुख आहे.

---

निशाचर
१८ मे २०२०, दुपारी १:४८

मी उलट्या बाजूने आलो. बालनाट्य एकही पाहिलं नाही. परभणीजवळच्या आमच्या गावात नाटक म्हणजे जत्रेतलं वग. पण तालुक्याच्या वाचनालयात मतकरींच्या गूढकथांचं 'खेकडा' होतं.

बाराव्या वर्षी ते पुस्तक मागितलं तेव्हा ग्रंथपाल बाईंनी "हे मोठ्यांचं आहे" म्हणून परत कपाटात ठेवलं. मग आजोबांच्या कार्डावर, आजोबांनी मागितलंय असं सांगून आणलं. आजोबांना खरं सांगितलं होतं, ते म्हणाले, "वाच, पण रात्री नको." मी रात्रीच वाचलं. उन्हाळा होता, आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. बॅटरीच्या उजेडात एक गोष्ट संपवली आणि उठून आजीच्या गोधडीत शिरलो. आठवडाभर खाली पाणी प्यायला एकटा गेलो नाही.

आज दुपारभर एकच विचार करतोय. गोदाकाठ, तू लिहिलेली चेटकीण आणि माझ्या पुस्तकातली भीती, ही एकाच माणसाच्या हातची आहेत. भयकथाकार नारायण धारप वाचताना आपल्याला बाहेरून काहीतरी येतंय असं वाटतं. तेही मला प्रिय आहेत. मतकरींच्या गूढकथेत बाहेरून फारसं काही येत नाही. घर तेच असतं, माणसं तीच असतात, नवरा-बायको, भाऊ, शेजारी, आणि त्यांच्यातच कुठेतरी ते असतं. गोष्ट संपली तरी ते जात नाही.

मुलांसाठी लिहिताना मात्र त्याच माणसाने त्या भीतीला नाक लावलं, लुगडं नेसवलं, स्टेजवर आणून उभं केलं, आणि दोन तासांनी हरवून दाखवलं. मुलांना भीती दाखवूच नये असं म्हणणारे खूप भेटतात. मतकरींनी दाखवली, पुरेपूर दाखवली, आणि तिला शेवटही दिला. मोठ्यांना दिला नाही. माझ्या मते हा त्यांचा दोन्ही वाचकांबद्दलचा प्रामाणिकपणा आहे.

---

गोदाकाठ
१८ मे २०२०, दुपारी २:२०

@निशाचर, हे मी कधी असं जोडून पाहिलंच नव्हतं. दादाला पाठवलं.

---

स्वच्छंद
१८ मे २०२०, सायंकाळी ६:१५

मतकरींबद्दल आदर पूर्ण आहे, 'लोककथा ७८' हे मराठीतल्या सर्वांत धाडसी नाटकांपैकी एक आहे असं मी मानतो. पण हा धागा वाचताना एक गोष्ट टोचली, ती दिवसाच्या शिष्टाचारासाठी गिळून टाकणं मला जमणार नाही.

चेटकीण म्हणजे म्हातारी, कुबड आलेली, वाकड्या नाकाची, चामखीळवाली बाई. हे आपण किती सहज म्हणतो. आपल्याच देशात, आपल्याच राज्याच्या आदिवासी भागात, अशाच एकट्या म्हाताऱ्या बायकांना डाकीण ठरवून मारलेलं आहे. माझी बहीण नंदुरबारकडे शिक्षिका होती, तिने अशा एका बाईचं जळलेलं घर पाहिलंय. मुलांच्या मनात 'कुरूप म्हातारी म्हणजे दुष्ट' हे समीकरण आपण हसत हसत पेरतो का? हा प्रश्न मतकरींना विचारला असता तर त्यांनी तो उडवून लावला नसता, याची मला खात्री आहे. म्हणून इथे विचारतोय.

---

केतकी_वाई
१८ मे २०२०, सायंकाळी ६:४०

स्वच्छंद, आज हे लिहायची गरज होती का?

---

गिरगावकर_बापू
१८ मे २०२०, रात्री ८:०२

केतकी, लिहू दे त्याला. मतकरींची ओळखच ही आहे की ते आपलं नाटक करून घरी बसले नाहीत. नर्मदा बचाव आंदोलनाच्या बाजूने उभे राहिले, 'निर्भय बनो' चळवळीत होते. त्यांच्या धाग्यावर असा प्रश्न यायलाच हवा.

माझं उत्तर एवढंच. 'लोककथा ७८' लिहिणाऱ्याला गावातला खरा राक्षस कोण असतो ते पक्कं ठाऊक होतं. गावातल्या दलितांवरचा अत्याचार, तो करणारे प्रतिष्ठित लोक, ते झाकणारी यंत्रणा. तिथे कुणाचं नाक वाकडं नाही, कुणाला कुबड नाही. पण सहा वर्षांच्या पोराला ते नाटक दाखवता येत नाही. त्याचा प्रश्न वेगळा असतो, अंधारात एकटं मुतायला जायचं कसं. तरीही तुमच्या बहिणीने पाहिलेलं घर माझ्या डोळ्यांसमोरून जाणार नाही, हेही खरं.

---

ठाण्याची_मुक्ता
१९ मे २०२०, सकाळी ७:३०

रात्री हा धागा वाचला आणि झोप लागली नाही. स्वच्छंद यांना उत्तर म्हणून नाही, पण त्यांच्या प्रश्नाने मला जे आठवलं ते लिहिते. इथे अजून कुणी 'वंचितांचा रंगमंच'बद्दल काहीच बोललेलं नाही.

पंचाहत्तरी आली की बहुतेक लेखक सत्कार घेतात. मतकरींनी त्या वयात ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर हे काम सुरू केलं. कल्पना साधी होती. वस्त्यांमधल्या मुलांना नाटक दाखवायचं नाही, त्यांनी करायचं. विषय त्यांचा, शब्द त्यांचे, भाषा त्यांची. लिहून दिलेली संहिता पाठ करायची नाही. मग दर वर्षी सगळ्या वस्त्यांनी आपापल्या नाटिका घेऊन एकत्र यायचं, त्याला नाव 'नाट्यजल्लोष'.

मी कार्यकर्ती नाही. मैत्रिणीबरोबर प्रेक्षक म्हणून दोन वर्षं गेले. पहिल्या वर्षी पाहिलेली एक नाटिका सांगते. पाण्याच्या नळावरची रांग. स्टेजवर काहीही नव्हतं, फक्त सात-आठ मुली आणि त्यांच्या हातातले घरचे हंडे-कळश्या, काही प्लास्टिकचे, एक पोचा आलेला. पाणी यायची वाट बघत त्या बसतात आणि बोलतात. कोण आज शाळेत गेली नाही, का गेली नाही, कुणाचं लग्न ठरतंय. मध्येच एक म्हणाली, "नळ आला की मला हाक मार, मी तोवर अभ्यास करते," आणि ती हंड्याला टेकून वही उघडून बसली. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, त्यांनी चष्मा काढला तो शेवटपर्यंत परत घातला नाही.

मुलगी संवाद विसरली. विसरली तर थांबली, विचार केला, आणि स्वतःच्या मनाने दुसरंच काहीतरी बोलली. पाठ केलेलं नव्हतंच, त्यामुळे विसरण्याची भीती नव्हती. चेहऱ्यावर जराही गोंधळ नाही.

मतकरी पुढच्या रांगेत बसले होते. प्रयोग संपल्यावर ते बोलायला उभे राहिले तेव्हा मला वाटलं आता कौतुक करतील, पाठ थोपटतील. ते त्या मुलींशी नाटकवाल्यांशी बोलावं तसं बोलले. कुठे उभं राहिल्यामुळे मागच्यांना दिसलं नाही, कुठला भाग लांबला. मुली मान डोलावत ऐकत होत्या. कुणीही हिरमुसली नाही. त्यांना त्या दिवशी शाब्बासकी बरीच मिळाली होती, खरं मत बहुधा तिथेच पहिल्यांदा मिळत होतं.

एकेकाळी मुलांना चेटकीण दाखवणारा माणूस शेवटी रंगमंच मुलांच्या हाती देऊन खाली प्रेक्षकांत येऊन बसला. त्या मुलींच्या नाटकात चेटकीण नव्हती. पाणी न येणं होतं.

---

स्वच्छंद
१९ मे २०२०, सकाळी ८:१०

मुक्ता, धन्यवाद. हे मला माहीत नव्हतं. प्रश्न माझ्या मनात अजून आहे, पण आता तो मी एका वेगळ्या माणसाला विचारतोय असं वाटतंय.

---

काउंटर_नंबर_४
१९ मे २०२०, सकाळी ११:५५

मी बँकेत ३१ वर्षं काढली म्हणून ही गोष्ट माझ्या मनात जास्त घर करून आहे. मतकरी बँक ऑफ इंडियात वीस वर्षं नोकरीला होते. 'बालनाट्य'चा सगळा उभारीचा काळ, 'आरण्यक', 'लोककथा ७८'पर्यंतचं सगळं, हे दिवसा बँक सांभाळून. १९७८ मध्ये नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लेखन धरलं. चाळिशीच्या उंबरठ्यावर, घरात संसार असताना.

संगणक नसलेल्या दिवसांतली बँक म्हणजे काय ते सांगतो. संध्याकाळी लेजर जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. पाच पैशांचा फरक असला तरी सगळे बसून शोधायचे. तो फरक शोधून, लोकल पकडून, तालमीला जाऊन, तिथे राक्षसाच्या मुकुटाला सोनेरी कागद लावायचा, आणि सकाळी पुन्हा दहाला सही करायची. मी हे लिहितोय कारण मीही नोकरीला लागताना कविता करायचो. संध्याकाळी दमायला व्हायचं. त्या माणसाला दमायला होत नव्हतं असं नाही. ते दमूनही जायचे.

---

मैत्रेयी_डॅलस
१९ मे २०२०, रात्री १०:२०

इथे सकाळ आहे. मुलीची शाळा ऑनलाइन चालू आहे आणि मी शेजारी बसून हा धागा वाचतेय.

आमच्या महाराष्ट्र मंडळात तीन वर्षांपूर्वी मुलांकडून मतकरींचं बालनाट्य करून घेतलं. मुलांना मराठी समजतं, बोलताना मात्र 'ळ' आणि 'ण' अडतात. महिनाभर दर शनिवारी एकीच्या गराजमध्ये तालीम. मला वाटत होतं भाषा कठीण जाईल. गेली नाही, कारण ती वाक्यं बोलायला लिहिलेली आहेत. छोटी, ठेक्यात, एकाला दुसरं लागून येणारी. एका वाक्यात अडकलं तरी पुढचं आपोआप ओठावर येतं. शाळेतल्या गोष्टी वाचण्यापेक्षा राक्षसाशी भांडताना 'ळ' लवकर सुटतो, हे मी शपथेवर सांगते. माझ्या मुलीचा 'ळ' राक्षसानेच सोडवला.

आता आजीशी फोनवर बोलताना ती 'सगळं', 'वेगळं', 'काळं' असं मुद्दाम ठासून म्हणते आणि आजी दर वेळी हसते.

---

रंगपट
२० मे २०२०, सकाळी ९:१५

दोन गोष्टींची भर घालतो, धाग्यात आलेल्या नाहीत.

एक, 'आरण्यक'. १९७४ चं मुक्तछंदातलं नाटक, महाभारत युद्धानंतरचं. ते २०१८ मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं, तब्बल ४४ वर्षांनी, आणि धृतराष्ट्र रवी पटवर्धनच, विदुर दिलीप प्रभावळकरच. तरुणपणी म्हाताऱ्यांची कामं केलेले नट खरोखर त्या वयाचे होऊन परत आले. दिग्दर्शक मतकरी तेच, ८० वर्षांचे, गांधारी प्रतिभाताई. मी दादरला पाहिलं. रवी पटवर्धन पायऱ्या उतरताना सगळं नाट्यगृह श्वास रोखून होतं.

दुसरी, 'इन्व्हेस्टमेंट' हा सिनेमा. वयाच्या चौऱ्याहत्तरीला पहिला सिनेमा, आणि त्याला मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार. त्यात एक शाळकरी मुलगा आहे, त्याच्या हातून भयंकर काहीतरी घडतं, आणि आईवडील ते निस्तरायला निघतात. निशाचर, तू वर जे लिहिलंस ना, मुलांच्या भीतीला शेवट आणि मोठ्यांच्या भीतीला नाही, त्यात हा सिनेमा बसव. इथे मुलाला कुणी घाबरवत नाही, त्याला कशाचीच भीती घातलेली नाही. सगळं मिळेल, सगळं निस्तरलं जाईल. आणि ते बघताना मला बालनाट्यातल्या कुठल्याही राक्षसाहून जास्त भीती वाटली.

२०१८ ला साहित्य अकादमीने बालसाहित्यासाठी पुरस्कार दिला. फार उशिरा दिला असं माझं मत आहे.

---

निशाचर
२० मे २०२०, सकाळी ९:४०

@रंगपट, पूर्ण सहमत. आज रात्री पुन्हा बघतो.

---

आर्याची_आई
२० मे २०२०, दुपारी ४:३३

आमची पिढी मधलीच, ना जुनं बालनाट्य पाहिलं ना गॅदरिंगमध्ये काम केलं. पण २०१८ ला 'अलबत्या गलबत्या' नव्याने आलं, चिन्मय मांडलेकरांचं दिग्दर्शन आणि वैभव मांगले चेटकीण, तेव्हा लेकीला घेऊन गेले. ती साडेपाच वर्षांची. घरून निघतानाच सांगून ठेवलं होतं, "मला चेटकिणीबरोबर फोटो हवा." सबंध नाटकभर माझ्या दंडाला नखं रुतवून बसली होती. नाटक संपलं, कलाकार बाहेर आले, रांग लागली. आमचा नंबर दोन मुलांवर आला आणि ही म्हणाली, "नको. ती खरी आहे."

गोदाकाठताईंचं पहिलं पोस्ट वाचून मी तो दंड चोळला. ३४ वर्षांचं अंतर, नाटक तेच, पोरीही त्याच.

काल तिला सांगितलं, ज्या आजोबांनी ती चेटकीण लिहिली ते गेले. तिने विचारलं, "चेटकिणीला कळलंय का?" मी उत्तर दिलं नाही. मला सुचलं नाही.

---

केतकी_वाई
२० मे २०२०, सायंकाळी ५:०१

आर्याच्या आई, हे वाचून स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आले.

स्वच्छंद, परवा जरा तोडून बोलले, राग मानू नका. आमच्याकडे नवऱ्याचे काका याच आजाराने गेले, कुणाला जाता आलं नाही. त्यात ही बातमी. कुणावर तरी निघालं.

---

स्वच्छंद
२० मे २०२०, सायंकाळी ५:२८

केतकीताई, मनावर घेऊ नका. काळजी घ्या घरच्यांची.

---

गोदाकाठ
२४ मे २०२०, रात्री ९:५०

एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. सगळं छापून आईला दिलंय, तिला स्क्रीनवर वाचता येत नाही. ती रोज दुपारी दोन-दोन प्रतिसाद वाचते. मुक्ताचं हंड्यांचं तिने मला परत वाचून दाखवायला लावलं. आणि स्वच्छंद, तुमच्या प्रश्नावर ती म्हणाली, "चेटकीण म्हातारीच कशाला हवी, तरुण करा." हे मी तसंच्या तसं पुढे नेलं, कारण गेले चार दिवस इथे एक काम चालू आहे.

दादाची मुलगी ठाण्यात, नऊ वर्षांची, दोन महिने घरात कोंडलेली. माझा मुलगा इथे नाशिकला, अकरा वर्षांचा. दोघांनी व्हिडिओ कॉलवर 'अलबत्या गलबत्या' करायचं ठरवलंय. घरात पुस्तक होतं, पानं सुटी झालेली, पण सगळी आहेत. मी ती एकेक करून फोटो काढून पाठवली. माणसं कमी म्हणून आई राणी आणि मी उरलेलं सगळं. पुतणी चेटकीण. तिने ठरवलंय की तिची चेटकीण म्हातारी नाही, ती जीन्स घालणार आणि केस मोकळे सोडणार. पण नाक हवंच म्हणाली. नाकाशिवाय चेटकीण नाही.

म्हणून परवापासून दादा पुन्हा कागदाचा लगदा मळतोय. वर्तमानपत्र घरी येणं बंद आहे, तर मार्चमधली रद्दी सापडली ती भिजत घातली. मेथ्या घरात होत्या. पहिलं नाक सकाळी तडकलं. दादा म्हणतो, चिपळूणच्या मानाने ठाण्याच्या हवेत जास्त पाणी आहे, मी म्हणते मेथी कमी पडली. दुसरं नाक खिडकीत ठेवलंय. मघाशी त्याने फोटो पाठवला, त्यावर हरभऱ्याचा दाणा लावलेला आहे. पुतणीने स्वतः निवडला म्हणे.

प्रयोग पुढच्या रविवारी, संध्याकाळी पाचला. आईची साडी इस्त्री करून ठेवलीय.